घास अडतो कुठे?

रात्री आठला जेवलेला भात पहाटे तीनला उशीवर सापडला आणि तोही जसाच्या तसा, तर तो पोटातून आलेला नाही असं समजायला हरकत नाही. जठरापर्यंत जाऊन परतलेलं अन्न आंबट-कडू लागतं, घसा जाळतं. इथे तसं काही होत नाही. पोटात ढवळत नाही, उमासे येत नाहीत. कूस बदलली आणि तोंडात घास आला, एवढंच. डाळ डाळीसारखी, शीत शीतासारखं. ही तक्रार घेऊन येणारा माणूस बहुधा पन्नाशी-साठीच्या पुढचा असतो आणि त्याच्याजवळ ॲसिडिटीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं साठलेली असतात. आपल्याकडे छातीतल्या कुठल्याही तक्रारीचं पहिलं निदान ‘पित्त’ आणि दुसरं ‘गॅस’. दोन्हींचे उपाय करून गुण आला नाही की कार्डिओग्राम काढायचा. तो नॉर्मल आला की घरच्यांना हायसं वाटतं, आणि घास अडायचा तो अडतच राहतो.

अशा काही रुग्णांमध्ये दोष सापडतो तो अन्ननलिकेच्या अगदी खालच्या भागात, श्वासपटलाच्या जरा वर. तिथे नलिकेच्या भिंतीतून एक पिशवी बाहेर आलेली असते. डॉक्टर तिला ‘एपिफ्रेनिक डायव्हर्टिक्युलम’ म्हणतात. आजार दुर्मीळ आहे. अनेक फॅमिली डॉक्टरांना आख्ख्या व्यवसायात एकही असा रुग्ण भेटत नसेल. तरीही या पुस्तकात तिच्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण राखलं, कारण शस्त्रक्रियेच्या इतिहासातली एक जुनी खोड इथे फार स्वच्छ दिसते. डोळ्यांना दिसलं ते कापलं, आणि ज्याच्यामुळे ते झालं ते तसंच आत राहिलं.

आधी नलिकेकडे पाहू. मोठ्या माणसात ती साधारण २५ सेंटीमीटर लांब असते. समोरच्या दातांपासून मोजलं तर ती १५ सेंटीमीटरवर सुरू होते आणि ४०च्या आसपास जठराला मिळते. एंडोस्कोपीच्या रिपोर्टात ‘३५ सेंटीमीटरवर पिशवीचं तोंड’ असं लिहिलेलं असतं, ते अंतर दातांपासूनचं. भिंतीचे थर आतून बाहेर असे: मऊ ओलसर अस्तर, त्याखाली जोडऊतींचा चिवट थर, मग स्नायूंचे दोन थर. आतला स्नायू कड्यासारखा गोल फिरतो, बाहेरचा उभा जातो. पोटातल्या आतड्यांवर सगळ्यात बाहेरून एक पातळ गुळगुळीत आवरण असतं. ते अन्ननलिकेला नाही. तिला घातलेला टाका आतड्याच्या टाक्याइतका भरवशाचा का नसतो, याचं एक कारण हे. ते पुढे लागणार आहे.

गिळण्याचा पहिला क्षण आपल्या हातात असतो, पुढचे आठ-दहा सेकंद नसतात. आकुंचनाची एक लाट सेकंदाला तीन-चार सेंटीमीटर वेगाने खाली सरकते आणि घासाला पुढे ढकलत नेते. तळाशी स्नायूंची एक झडप एरवी मिटलेली असते. घास वरून निघाला की तो पोचायच्या आधीच ती सैल पडते. ही आगाऊ वर्दी द्यायचं काम स्नायूंच्या दोन थरांमध्ये पसरलेल्या मज्जापेशींच्या जाळ्याचं. त्यातल्या स्नायू सैल करणाऱ्या पेशी काही लोकांमध्ये नष्ट होतात. मग झडप उघडत नाही आणि वरची लाटही विस्कटते. या आजाराचं नाव अकॅलेशिया. दुसऱ्या काही लोकांमध्ये लाट क्रमाने न येता नलिकेचा खालचा भाग एकदम आवळला जातो, किंवा गरजेपेक्षा फार जोरात आवळतो. तऱ्हा वेगवेगळ्या, पण परिणाम एकच: वरून घास ढकलला जातोय, खालून वाट मिळत नाही, आणि मधल्या पट्ट्यात दाब वाढत जातो.

असा दाब वर्षानुवर्षं राहिला की भिंत कुठेतरी हार मानते. जुन्या सायकलच्या टायरला चीर पडली की ट्यूब तिथून फुगा काढते, तसं आतलं अस्तर स्नायूंच्या फटीतून बाहेर येतं. म्हणजे पिशवीच्या भिंतीत स्नायू जवळजवळ नसतातच. स्नायू नाहीत म्हणून तिला स्वतःला रिकामं करता येत नाही. पडेल ते अन्न तिथे साचतं, कुजतं, तोंडाला वास येतो आणि आडवं झालं की ते वर येतं. पिशवी बहुतेक वेळा उजव्या बाजूला झुकलेली सापडते. डाव्या बाजूला हृदय आणि महाधमनी टेकण देत असल्याने तसं होत असावं, असा सर्वसाधारण समज आहे.

अन्ननलिकेतल्या सगळ्याच पिशव्या अशा नसतात. गळ्यात, नलिका सुरू होते तिथे होणारी ‘झेंकर’ची पिशवी जास्त प्रसिद्ध आणि जास्त आढळणारी, तिच्यामागेही वरच्या झडपेचा अडथळाच असतो. छातीच्या मध्यावर मात्र वेगळा प्रकार दिसतो. श्वासनलिका दोन फाट्यांत विभागते, तिथल्या लसिकाग्रंथी क्षयरोगाने सुजून नंतर आकसल्या, तर त्या शेजारच्या अन्ननलिकेची भिंत आपल्याकडे ओढून घेतात. त्या पिशवीत भिंतीचे सगळे थर असतात, तोंड रुंद असतं, अन्न साचत नाही आणि बहुधा त्रासही होत नाही. क्षयाचं प्रमाण मोठं असलेल्या आपल्या देशात मधल्या भागात पिशवी दिसली की हा प्रकार आधी आठवायचा. खालच्या पिशवीची गोष्ट निराळी. ती ओढून नाही, आतून ढकलून तयार होते.

ही गोष्ट वैद्यकाला उशिरा कळली असंही नाही. खालच्या पिशवीचं पहिलं वर्णन १८०४ साली देगिज या फ्रेंच डॉक्टरने केल्याचं मानतात. मोंदिएर या दुसऱ्या फ्रेंच डॉक्टरने १८३३ मध्येच म्हटलं होतं की नलिकेतला दाब वाढून अस्तर स्नायूंतून बाहेर पडतं. त्याच्याही आधी, १६७४ मध्ये, इंग्लंडच्या थॉमस विलिसने एका रुग्णाची हकीकत लिहून ठेवली आहे. त्याची अन्ननलिका खाली उघडतच नव्हती. विलिसने त्याला देवमाशाच्या हाडाची लवचीक काडी करून दिली, टोकाला स्पंजाचा बोळा बसवला. तो माणूस जेवायचा आणि त्या काडीने अन्न स्वतःच जठरात ढकलायचा. अनेक वर्षं तो असा जगला. उपाय अघोरी वाटतो, पण विलिसने बरोबर जागी हात घातला होता: खालच्या दारावर.

आता निदानाकडे. पहिली तपासणी आजही जुनीच, बेरियमची. एक्स-रेचा शोध १८९५च्या नोव्हेंबरमधला, आणि पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या वॉल्टर कॅननने एका हंसिणीला बिस्मथ गिळायला देऊन ते तिच्या लांब मानेतून खाली जाताना पडद्यावर पाहिलं. नंतर बिस्मथची जागा बेरियम सल्फेटने घेतली. पद्धत तीच राहिली.

एक्स-रेच्या खोलीत रुग्णाला यंत्रासमोर उभं करतात. हातात पांढऱ्या दाट पातळ पदार्थाचा ग्लास. खडू कालवल्यासारखी चव. “काका, घोट तोंडात धरून ठेवा. मी सांगितलं की गिळा. हं, आता.” पडद्यावर पांढरी रेघ खाली सरकते, आणि श्वासपटलाच्या वर येऊन बाजूला वळते. तिथे गोल आकार भरत जातो, वर हवा आणि खाली बेरियम अशी आडवी पातळी दिसते. मग काकांना थोडं तिरकं उभं करतात, कारण समोरून पाहिलं तर पिशवी कधी नलिकेमागे लपते. चांगला रेडिओलॉजिस्ट पिशवी सापडली म्हणून थांबत नाही. तो तिचं तोंड किती रुंद, ते जठरापासून किती वर आणि त्याच्या खाली नलिका किती निमुळती होते, हे मोजतो. एक, दोन आणि पाच मिनिटांनी पुन्हा फोटो घेऊन बेरियमचा स्तंभ किती उंच उरलाय तेही बघता येतं. पाच मिनिटांनीही नलिका भरलेली असेल तर दोष पिशवीपेक्षा खाली आहे, याचा तो रोख पुरावा.

दुसरी तपासणी एंडोस्कोपीची, आपल्या बोलीत ‘दुर्बीण घालून’ बघायची. (१८६८ मध्ये कुसमाउल या जर्मन डॉक्टरने सरळ कडक नळी आत घालून बघितलं तेव्हा त्याने तलवार गिळणारा माणूस गाठला होता, साध्या रुग्णाला ते सोसलं नसतं.) आजची दुर्बीण लवचीक आहे, तरी इथे तिला सावकाश जावं लागतं. नलिकेचं खरं तोंड आणि पिशवीचं तोंड शेजारी-शेजारी असतात, कित्येकदा पिशवीचंच मोठं आणि सरळ असतं. दुर्बीण आपसूक तिच्यात शिरते, आणि त्या बिनस्नायूच्या भिंतीवर जोर पडला तर भोक पडायची भीती. मग एंडोस्कोपी करायचीच कशाला? कर्करोग नाही ना, हे बघायला. जठराच्या तोंडाशी झालेली गाठ हुबेहूब अकॅलेशियासारखं सोंग आणते. तक्रार थोड्याच महिन्यांची, वजन मात्र झपाट्याने उतरलेलं, वय साठीच्या पुढे, असं चित्र असेल तर ही शंका आधी फेडून घ्यावी लागते. सोबत सीटी स्कॅनही करतात. पिशवीच्या आतल्या अस्तरातही क्वचित कर्करोग झाल्याच्या नोंदी आहेत.

तिसरी तपासणी रुग्णाला सगळ्यात नकोशी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. मॅनोमेट्री. नाकातून एक बारीक नळी जठरापर्यंत सरकवतात. तिच्यावर साधारण एकेका सेंटीमीटरच्या अंतराने ३६ दाबमापक बसवलेले असतात. रुग्ण आडवा होऊन पाच-पाच मिलिलिटर पाण्याचे दहा घोट घेतो. पडद्यावर दाबाचा रंगीत नकाशा उमटतो: कमी दाब निळा, जास्त दाब लाल. लाट कुठून निघाली, कुठे विरली, खालची झडप सैल पडली की नाही, सगळं डोळ्यांसमोर. ही बारकाईची पद्धत रे क्लाउझ या अमेरिकन डॉक्टरने १९९०च्या दशकात पुढे आणली. तिचे निकाल वाचायचे नियम ‘शिकागो वर्गीकरण’ म्हणून जगभर वापरतात आणि त्यांची चौथी आवृत्ती २०२१ची आहे. अडचण एकच, आणि ती नेमकी याच रुग्णांत येते. नळी जठरात जाण्याऐवजी पिशवीत जाऊन वेटोळं घालते. मग दुर्बिणीच्या मदतीने ती पुढे सरकवावी लागते. काही ठिकाणी हा खटाटोप टाळून ‘पिशवी आहे ना, काढू या’ म्हणतात. तिथेच पाय घसरतो. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये अशा २१ रुग्णांचा अभ्यास छापला. त्या सगळ्यांच्याच अन्ननलिकेच्या हालचालीत काही ना काही दोष निघाला. काहींचा दोष मधूनच डोकावणारा, म्हणून दिवसभराची नोंद घेतल्यावर सापडला.

निदान पक्कं झालं म्हणजे ऑपरेशन ठरलं, असं नाही. पुष्कळ पिशव्या दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या एक्स-रेत अचानक दिसतात. त्या माणसाला काही त्रास नसतो. पिशवीचा आकार आणि त्रास यांचा मेळ बसतोच असंही नाही. मोठी पिशवी घेऊन माणूस निवांत जेवतो, आणि तीन सेंटीमीटरवाल्याला रात्र काढणं कठीण होतं. त्रास नसेल तर हात लावू नये, याबाबत सर्जनांमध्ये बऱ्यापैकी एकमत आहे. त्रास असेल तर त्याची पारख करायची: घास अडतो का, वजन उतरलं का, रात्री खोकल्याने जाग येते का. शेवटची गोष्ट लोक कमी लेखतात. झोपेत पिशवीतलं अन्न श्वासनलिकेत उतरून पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो, आणि घरचे समजतात छाती नाजूक आहे.

मायो क्लिनिकने १९९३ मध्ये आपल्या ११२ रुग्णांचा हिशेब मांडला. त्यांतल्या फक्त ३३ जणांवर शस्त्रक्रिया झाली होती. त्या ३३ पैकी ६ जणांची शिवण गळली आणि ३ जण दगावले. एवढ्या नावाजलेल्या ठिकाणचे हे आकडे. कर्करोग नसलेल्या आजारासाठी ही किंमत थोडी नव्हे, आणि कुणालाही टेबलावर घ्यायच्या आधी ती आठवायला हवी.

शिवण गळते कशामुळे? जुन्या काळी छाती उघडायची, पिशवी मुळाशी कापायची, भोक शिवायचं आणि बाहेर पडायचं. खालची झडप पहिल्यासारखीच आवळलेली. शुद्धीवर आलेल्या रुग्णाने पहिला घोट गिळला की सगळा दाब त्या ताज्या शिवणीवर. आवरण नसलेल्या भिंतीतली ती शिवण तो कितीसा सोसणार? सोसलाच, तर काही वर्षांनी त्याच जागी नवी पिशवी. मोंदिएरने १८३३ मध्ये सांगितलेलं सर्जनांच्या हातात उतरायला सव्वाशे वर्षं लागली. वास्तविक झडपेचा इलाजही हाताशी होता. लायप्झिगच्या अर्न्स्ट हेलरने १९१३ मध्येच अकॅलेशियासाठी नलिकेच्या खालच्या टोकाचे स्नायू उभे चिरून दाखवले होते. आतलं अस्तर शाबूत ठेवून फक्त स्नायू. तो उपाय अकॅलेशियाच्या कप्प्यात राहिला, पिशवी वेगळ्या कप्प्यात. १९५९ मध्ये क्लीव्हलँडच्या एफलर आणि सहकाऱ्यांनी पिशवीच्या शस्त्रक्रियेत स्नायू चिरण्यावर भर दिला आणि दोन्ही कप्पे हळूहळू एक झाले.

आज हे काम बहुतेक ठिकाणी पोटावर चार-पाच छोटी छिद्रं पाडून, लॅपरोस्कोपीने होतं. डंडीच्या सर्जनांनी १९९१ मध्ये हेलरची चीर याच वाटेने दिल्याचं प्रसिद्ध केलं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी त्याच्या आदल्याच वर्षी, १९९० मध्ये, लॅपरोस्कोपीने पित्ताशय काढून हे तंत्र भारतात रुजवलं होतं.

तयारी दोन-तीन दिवस आधी सुरू होते. रुग्णाला फक्त पातळ पदार्थ, आणि गरज पडली तर दुर्बिणीने पिशवी धुऊन घेतात. कारण उघड आहे: भूल देताना पिशवीतलं अन्न फुप्फुसात उतरलं तर ऑपरेशनच्या आधीच घात. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करायची, श्वासपटलाच्या फटीतून अन्ननलिका मोकळी करून खाली ओढायची, तिला बिलगून जाणाऱ्या व्हेगस नसा सांभाळायच्या. पिशवी आजूबाजूच्या ऊतींना चिकटलेली असते. ती सोडवत सोडवत तिच्या मानेपर्यंत यायचं, आणि मान सगळीकडून स्वच्छ दिसेपर्यंत घाई करायची नाही. आता तोंडातून एक जाड मऊ नळी नलिकेत उतरवतात, पावणेदोन सेंटीमीटरच्या आसपास जाडीची. ती आत असल्याने स्टेपलर लावताना पिशवीसोबत नलिकेचाही लचका निघत नाही. स्टेपलर नलिकेला समांतर लावून दाबला की पिशवी सुटी होते आणि टाचण्यांच्या बारीक ओळी मागे राहतात. त्या ओळीवर बाजूचे स्नायू ओढून टाके घालतात.

इतका वेळ झालं ते दिसणाऱ्या आजाराचं. आता नलिका फिरवून बरोबर उलट्या बाजूला हेलरची चीर. वर पिशवीच्या मानेच्या पातळीपर्यंत आणि खाली जठरावर दोनेक सेंटीमीटर. स्नायूंचे गोल तंतू एकेक करून तुटतात आणि मधून पांढुरकं अस्तर वर फुगून येतं. सर्जन इथे श्वास रोखून काम करतो, कारण अस्तराला भोक पडलं तर दुसरी शिवण आली. शेवटी नलिकेभोवती पाणी सोडून आतून दुर्बिणीने हवा भरतात. बुडबुडे आले नाहीत तर काम चोख. झडपच चिरली म्हटल्यावर जठरातलं आम्ल वर येणार, म्हणून जठराचा वरचा भाग चिरेवर अर्धवट गुंडाळून टाचतात. पुढून गुंडाळला तर त्याला दॉरची पद्धत म्हणतात, मागून गुंडाळला तर तुपेची. पूर्ण वेढा देत नाहीत. ज्या नलिकेत ढकलायचा जोर नाही तिला घट्ट वेढा म्हणजे पुन्हा अडथळा. पिशवी छातीत फार वर असेल तर पोटातून हात पोचत नाही. मग छातीतूनही दुर्बीण घालावी लागते.

स्नायूंची चीर प्रत्येकाला द्यावी की मॅनोमेट्रीत दोष दिसला त्यालाच, यावर सर्जनांत वाद आहे. मला पहिला पक्ष पटतो. दोष पकडता आला नाही म्हणजे तो नाही, हे २००२च्या त्या अभ्यासानंतर छातीठोकपणे कुणी म्हणू नये.

नंतरचे दिवस डोळ्यांत तेल घालून काढायचे. ताप, नाडी जलद, छातीत दुखणं, दम लागणं, यांतलं काहीही शिवण गळण्याचं लक्षण असू शकतं, आणि छातीच्या पोकळीत अन्न-लाळ पसरली तर जिवावर बेततं. म्हणून रंगद्रव्य पाजून पुन्हा एक्स-रे काढतात, आणि गळती नाही असं दिसल्यावर पाणी, पेज, मऊ भात या क्रमाने खाणं वाढवतात.

ज्यांचं वय किंवा हृदय मोठं ऑपरेशन सोसणार नाही, त्यांच्यासाठी गेल्या काही वर्षांत एक निराळी वाट निघाली आहे. जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये तोंडातून दुर्बीण नेऊन, अस्तराखालून बोगदा काढून, आतूनच स्नायू चिरायचं तंत्र माणसावर प्रथम वापरलं. त्याला पोएम म्हणतात. खालच्या पिशवीच्या रुग्णांतही आता ते वापरलं जातं: झडपेचे स्नायू चिरतात, हवं तर पिशवी आणि नलिका यांच्यामधला पडदाही खाली आणतात. पिशवी जागेवर राहते, पण वाट मोकळी झाल्याने अन्न तिच्यात तुंबून राहत नाही. बऱ्याच जणांचं रात्रीचं उलटून येणं एवढ्यानेच थांबतं. पोटावर छिद्र नाही, स्टेपलरची शिवणही नाही. छातीत जळजळ मात्र या पद्धतीत जास्त जणांना होते, कारण जठर गुंडाळलेलं नसतं. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या पुष्कळांना चालू ठेवाव्या लागतात. आणि पिशवी आत ठेवलेल्या माणसाला पुन्हा घास अडू लागला, तर तो जुनाच त्रास असेल असं धरून चालायचं नाही. बेरियम आणि एंडोस्कोपी नव्याने करायची, पिशवीच्या आतलं अस्तर नीट बघून.